ब्याऐंशी सामन्यांचे गाऱ्हाणे

एनबीए, म्हणजे नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, ही जगातील सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीग. तिच्यात ३० संघ आहेत. २९ अमेरिकेचे आणि एक कॅनडातील टोरांटोचा. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत प्रत्येक संघाचे ८२ साखळी सामने होतात आणि मग जूनपर्यंत बाद फेरी रंगते. कौशल्य, तंदुरुस्ती आणि नेमबाजी यांत आजच्या खेळाडूंनी गाठलेली पातळी आधीच्या कोणत्याही पिढीला साधलेली नव्हती. तरीही या लीगचा प्रेक्षक नाराज आहे. महागडे तिकीट काढून जावे तर ज्याला पाहायचे तो खेळाडू मैदानात उतरतच नाही. काही संघ हंगामाच्या उत्तरार्धात जिंकण्याचा प्रयत्नच सोडून देतात. सगळे संघ एकसारखे खेळतात, पंच पुन्हा पुन्हा खेळ थांबवतात आणि घरी बसून सामने पाहायचे तर दोन-तीन ठिकाणी वर्गणी भरावी लागते.

या तक्रारींना नुसती कुरकुर म्हणता येत नाही. बास्केटबॉल आज जसे दिसते, ते बऱ्याच अंशी प्रेक्षकांच्या कंटाळ्यातूनच घडले आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनियापोलिस लेकर्स आणि फोर्ट वेन पिस्टन्स यांच्यातला सामना पिस्टन्सनी १९-१८ असा जिंकला. एनबीएच्या इतिहासातली ही गुणसंख्या आजही नीचांक म्हणून नोंदलेली आहे. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंच उंचीचा खेळाडू होता आणि त्या काळात त्याला रोखणे जवळजवळ अशक्य होते. त्याच्या हाती चेंडू पडूच नये म्हणून पिस्टन्सनी चेंडू आपल्याकडे ठेवून मिनिटेच्या मिनिटे काढली. नियमांत त्याला काही आडकाठी नव्हती. पुढची तीन-चार वर्षे आघाडीवर असलेला संघ असाच वेळ काढत राहिला, दुसरा संघ चेंडू मिळवण्यासाठी मुद्दाम फाउल करत राहिला आणि प्रेक्षक वैतागत राहिले.

यावर तोडगा काढला तो सिराक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बायसोन यांनी. त्यांचा हिशेब साधा होता. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. ज्या सामन्यांत लोकांना मजा येते त्यांत दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात. भागाकार केला की प्रत्येक प्रयत्नाला २४ सेकंद येतात. १९५४-५५ च्या हंगामापासून चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत प्रयत्न करणे बंधनकारक झाले आणि एकाच वर्षात एका संघाची सामन्यामागची सरासरी ७९ गुणांवरून ९३ वर गेली. आज जगभरच्या मोठ्या स्पर्धांत बास्केटच्या वर जे उलटे मोजणारे घड्याळ दिसते, ते त्या वैतागाचे फळ आहे.

त्यानंतरही लीगने खेळ रटाळ झाल्याची ओरड अनेकदा मनावर घेतली. १९७९-८० मध्ये तीन गुणांची रेषा आली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस धसमुसळ्या बचावामुळे गुणसंख्या पुन्हा घसरली, तेव्हा २००१ मध्ये बचावाचे नियम बदलले. २००४ मध्ये चेंडू घेऊन पुढे येणाऱ्या खेळाडूला हाताने अडवून धरण्यावर कडक बंदी आली. २००३-०४ मध्ये एक संघ सामन्याला सरासरी ९३ गुण करत होता. २०२४-२५ मध्ये ही सरासरी ११३ च्या पुढे गेली होती.

पण याच उपायांतून आजची एक मोठी तक्रार जन्माला आली. रेषा आखली त्या हंगामात एक संघ सामन्यात तीन गुणांचे तीन प्रयत्नसुद्धा करत नव्हता. २०२४-२५ मध्ये हा आकडा ३७ च्या पुढे होता. याचे कारण शाळकरी गणितात सापडते. रेषेच्या किंचित आतून, दोन गुणांसाठी टाकलेले शंभरपैकी चाळीस चेंडू बास्केटमध्ये गेले तर ८० गुण होतात. रेषेबाहेरून शंभरपैकी छत्तीसच गेले, तरी १०८ होतात. संघांनी विश्लेषक नेमले, त्यांनी हा हिशेब मांडला आणि एका दशकात मधल्या अंतरावरून टाकलेला चेंडू खेळातून जवळपास हद्दपार झाला. मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट यांनी याच अंतरावर आपली कीर्ती उभी केली होती. या पद्धतीचे टोक २०१८ च्या मे महिन्यात दिसले. वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम लढतीत ह्यूस्टन रॉकेट्सचा गोल्डन स्टेट वॉरियर्सशी सातवा आणि निर्णायक सामना होता. मध्यंतराला रॉकेट्स पुढे होते. त्या सामन्यात त्यांचे तीन गुणांचे लागोपाठ २७ प्रयत्न हुकले, तरी ते तसेच खेळत राहिले आणि हरले.

या तक्रारीत निम्मे तथ्य आहे. वॉरियर्सच्या स्टीफन करीने २०१५-१६ च्या हंगामात तीन गुणांच्या ४०२ बास्केट केल्या. त्याला अर्ध्या मैदानापासूनच अडवावे लागते, त्यामुळे बास्केटजवळची जागा मोकळी होते आणि निकोला योकिचसारख्या उंच खेळाडूच्या पासिंगला वाव मिळतो. या दृष्टीने खेळ अधिक देखणा झाला आहे. बोचतो तो एकसुरीपणा. पूर्वी दोन संघांची शैली वेगळी असे, म्हणून त्यांची गाठ पडली की कुतूहल असे. आता तीस संघांचे गणित एकच आहे, आणि सर्वांना एकच उत्तर येते.

प्रेक्षकाच्या मनाला सर्वांत लागणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. ३० संघ पंधरा-पंधराच्या दोन कॉन्फरन्समध्ये विभागलेले आहेत, आणि दुसऱ्या कॉन्फरन्समधला संघ आपल्या शहरात हंगामात एकदाच येतो. म्हणजे ज्या शार्लट शहरात करी लहानाचा मोठा झाला, तिथल्या लोकांना तो वर्षातून एकाच संध्याकाळी पाहायला मिळतो. आई-वडील महिनोन्‌महिने आधी तिकिटे काढतात, मुलाला त्याच्या नावाची जर्सी घेऊन देतात, आणि सामन्याच्या दिवशी दुपारी कळते की आज त्याला विश्रांती आहे. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. यालाच लीगच्या भाषेत लोड मॅनेजमेंट म्हणतात.

या प्रथेला तोंड फुटले ते २९ नोव्हेंबर २०१२ रोजी. सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी मायामीतल्या सामन्याआधी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना विमानाने घरी धाडले. पाच रात्रींतला तो संघाचा चौथा सामना होता. तो देशभर दूरचित्रवाणीवर दाखवला जाणार होता. लीगचे तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी चाहत्यांची जाहीर माफी मागितली आणि स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड केला. पण २०१४ मध्ये याच मायामीला हरवून स्पर्स विजेते झाले, तेव्हा डंकनने वयाची ३८ वर्षे पूर्ण केली होती. २०१८-१९ मध्ये टोरांटो रॅप्टर्सनी दुखापतीतून सावरलेल्या कवाय लेनर्डला ८२ पैकी ६० साखळी सामनेच खेळवले, आणि त्याच्याच बळावर ते जिंकले. विश्रांती फळते, हे दोनदा सिद्ध झाल्यावर इतर संघ मागे राहणे शक्य नव्हते.

२०२३ मध्ये लीगने नियम कडक केले. मागच्या तीन हंगामांत ऑल-स्टार किंवा ऑल-एनबीए संघात निवड झालेला खेळाडू तारांकित मानला जातो, आणि योग्य कारणाशिवाय त्याला बसवले तर संघाला पहिल्यांदा एक लाख, दुसऱ्यांदा अडीच लाख डॉलर दंड होतो. त्यानंतरचा प्रत्येक दंड आधीच्यापेक्षा दहा लाख डॉलरनी वाढतो. मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अटही आली. या नियमांनी हजेरी काहीशी सुधारली, मूळ दुखणे तसेच राहिले. खेळाडू आळशी झाले आहेत, हा प्रेक्षकांचा आरोप अन्यायाचा आहे. आजचा खेळ पूर्वीपेक्षा वेगवान आहे. बचाव करणाऱ्याला प्रत्येक वेळी रेषेपर्यंत धावत जावे लागते, तिथे थांबावे लागते आणि पुन्हा वळावे लागते. अशा खेळाचे ८२ सामने सहा महिन्यांत, हजारो मैलांच्या विमानप्रवासासह आणि मधूनमधून लागोपाठच्या दोन रात्री खेळायचे, हे शरीराला झेपणारे नाही. पाच रात्रींत चार सामने ठेवण्याची पद्धत २०१७-१८ पासून बंद झाली, पण सामन्यांची संख्या हलली नाही.

हरण्यासाठी खेळण्याची तक्रार समजून घ्यायला ड्राफ्टची पद्धत ठाऊक हवी. आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. एनबीएत नवोदित खेळाडूंची संघांमध्ये क्रमाने वाटणी होते, आणि दुबळ्या संघाला बळ मिळावे म्हणून आधी निवडण्याची संधी तळाच्या संघांकडे झुकलेली असते. हेतू चांगला आहे. पण त्यामुळे मधल्या क्रमांकावर राहण्यापेक्षा तळाला जाणे संघाला परवडते. हे थांबवण्यासाठी १९८५ पासून पहिल्या क्रमांकांसाठी सोडत काढली जाते. फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सनी मात्र २०१३ ते २०१६ या काळात सॅम हिंकी यांच्या व्यवस्थापनाखाली हा मार्ग उघडपणे धरला. तीन हंगामांत त्यांनी अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले. त्यातून त्यांना जोएल एम्बीड आणि बेन सिमन्स मिळाले, आणि तरीही २००१ नंतर २०२५ पर्यंत हा संघ कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत एकदाही पोहोचला नाही. त्या तीन वर्षांत ज्यांनी पूर्ण दराने तिकिटे काढली, त्यांना संघाने मुद्दाम ठरवून वाईट खेळ दाखवला. व्यावसायिक खेळात याहून मोठी फसवणूक क्वचितच होत असेल.

२०१९ मध्ये सोडतीचे प्रमाण बदलले. पूर्वी तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्के होती. आता तळाच्या तिघांनाही १४ टक्केच आहे. पण मोह संपला नाही. एप्रिल २०२३ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सना पुढे जाण्याची थोडी आशा शिल्लक होती. पण फार वर गेल्यास त्यांची ड्राफ्टमधली निवड न्यूयॉर्क निक्सकडे जाणार होती. त्यांनी शिकागोविरुद्धच्या सामन्यात प्रमुख खेळाडूंना बसवले. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला, डॅलसने निवड राखली.

याच डॅलसने फेब्रुवारी २०२५ मध्ये चाहत्यांना दुसरा धक्का दिला. लुका डोंचिच २५ वर्षांचा होता आणि आदल्या वर्षीच त्याने संघाला अंतिम फेरीत नेले होते. त्याला मध्यरात्रीच्या सुमारास लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवून बदल्यात अँथनी डेव्हिसला घेतल्याचे जाहीर झाले. लोक शवपेटी घेऊन संघाच्या स्टेडियमबाहेर जमले. व्यवस्थापक निको हॅरिसन यांना काढा, ही घोषणा पुढे महिनोन्‌महिने घरच्या सामन्यांत घुमत राहिली. मे महिन्यात केवळ १.८ टक्के शक्यता असताना डॅलसला सोडतीत पहिला क्रमांक लागला आणि कूपर फ्लॅग हा नवोदित खेळाडू मिळाला. त्यामुळे सोडत आधीच ठरलेली असल्याची जुनी शंका पुन्हा उफाळली. तिला कसलाही पुरावा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसन यांना पद सोडावे लागले. प्रेक्षकांच्या आवाजाचा एवढा थेट परिणाम या लीगमध्ये क्वचितच झाला आहे.

असल्या शंकांना खतपाणी मिळते ते पंचगिरीच्या इतिहासातून. २००२ मध्ये बाद फेरीतल्या मालिकेत सॅक्रामेंटो किंग्ज लेकर्सविरुद्ध ३-२ असे पुढे होते. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या सत्रात लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले आणि ते १०६-१०२ असे जिंकले. ग्राहक चळवळीतले नेते राल्फ नेडर यांनी त्या पंचगिरीच्या चौकशीची मागणी करणारे पत्र आयुक्तांना लिहिले होते. २००७ मध्ये टिम डोनागी या पंचाने सट्टेबाजीशी संबंधित गुन्हे न्यायालयात कबूल केले आणि त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. तो २००२ च्या त्या सामन्यात पंच नव्हता, आणि त्या सामन्याविषयीचे त्याचे आरोप लीगने फेटाळले. पण विश्वासाला तडा गेला तो गेलाच. २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांतले निर्णय बरोबर होते की चूक, याचा अहवाल लीग स्वतः प्रसिद्ध करते. २०१९-२० पासून प्रशिक्षकाला निर्णयावर दाद मागता येते. अचूकता वाढली; पण थांबे वाढल्याची नवी तक्रार सुरू झाली. २०१७ मध्ये दोन्ही संघांचे मिळून टाइमआउट १८ वरून १४ वर आणले, तरी घड्याळातली शेवटची दोन मिनिटे अनेकदा दहा-पंधरा मिनिटे चालतात. पंचांच्या डोक्यावर आता अधिकृत सट्ट्याचीही छाया आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सट्टेबाजी कायदेशीर करण्याची मुभा दिली, आणि लीगने सट्टा कंपन्यांशी करार केले. २०२४ मध्ये टोरांटोच्या जॉन्टे पोर्टरवर सट्टेबाजांना माहिती पुरवल्याबद्दल आजन्म बंदी आली.

दूरचित्रवाणीचा मामला थोडक्यात असा. जुलै २०२४ मध्ये लीगने डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉन यांच्याशी ११ वर्षांचा, सुमारे ७६ अब्ज डॉलरचा करार केला. सामने या तिघांत विभागले गेले. शिवाय स्थानिक संघाचे उरलेले सामने स्थानिक वाहिनीवर असतात, आणि लीगची स्वतःची वर्गणी भरलेल्या अमेरिकी प्रेक्षकालाही नेमका आपल्याच शहराचा संघ त्या सेवेवर दिसत नाही. भारतातल्या प्रेक्षकाची अडचण वेळेची आहे: न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात साडेसातला सुरू होणारा सामना इथे पहाटे सहाला लागतो, आणि लॉस एंजेलिसचा सकाळी नऊला, ऐन कामावर जायच्या वेळी.

सर्वांत खोल जखम सिएटलची आहे. सिएटल सुपरसॉनिक्स हा संघ १९६७ पासून त्या शहरात होता आणि १९७९ मध्ये विजेता ठरला होता. २००६ मध्ये स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांनी तो ओक्लाहोमा सिटीतल्या उद्योजकांच्या गटाला विकला. नव्या मालकांना सरकारी पैशातून नवे स्टेडियम हवे होते. त्याच वर्षी सिएटलच्या मतदारांनी खेळांच्या स्टेडियमवर असा खर्च करण्याविरुद्ध मोठ्या बहुमताने कौल दिला. २००८ मध्ये साडेचार कोटी डॉलर देऊन मालकांनी शहराशी तडजोड केली आणि एक्केचाळीस वर्षांचा संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. नाव आणि रंग तेवढे सिएटलकडे राहिले. चाहत्यांनी मोर्चे काढले, माहितीपट बनवला. काही उपयोग झाला नाही. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर विजेते झाले, तेव्हा सिएटलच्या कित्येक चाहत्यांनी तो सामना पाहणेही टाळले असेल तर नवल नाही.

या कथेत एक मुंबईकर येतो. २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज विकत घेऊन सिएटलला नेण्याचा बेत जवळपास पक्का झाला होता. सॅक्रामेंटोच्या लोकांनी आणि महापौरांनी जोर लावला, संघमालकांनी स्थलांतराविरुद्ध २२-८ असे मत दिले, आणि मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ घेऊन तो जागेवर ठेवला. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच संघ इंडियाना पेसर्सविरुद्ध वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दोन सराव सामने खेळला. भारतात एनबीएचे सामने पहिल्यांदाच झाले. पहिल्या सामन्याला प्रेक्षक म्हणून हजारो शाळकरी मुले होती. सॅक्रामेंटोत मात्र रणदिवेही टीकेतून सुटले नाहीत, कारण २००६ नंतर सलग १६ हंगाम किंग्ज बाद फेरीत पोहोचले नाहीत. हा लीगचा विक्रम आहे. २०२३ मध्ये तो दुष्काळ संपला.

या सगळ्या तक्रारी शेजारी ठेवून पाहिल्या की फरक स्पष्ट दिसतो. घड्याळ, रेषा, फाउल, सोडत यांत लीगने वेळोवेळी बदल केले, कारण त्यांत कुणाचे उत्पन्न बुडत नव्हते. सामन्यांची संख्या कमी केली तर विश्रांतीचा प्रश्न, दुखापती आणि मार्च महिन्यातले निरर्थक सामने हे तिन्ही एकदम सौम्य होतील. पण प्रत्येक संघाला घरच्या ४१ सामन्यांचे तिकीट उत्पन्न मिळते, प्रक्षेपणाचा करारही सामन्यांच्या संख्येवर उभा आहे, आणि उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंना मिळत असल्याने त्यांनाही ही कपात नको आहे. मालक आणि खेळाडू इतर बाबतींत भांडतात. इथे त्यांचे हित एक आहे, आणि त्या टेबलाशी प्रेक्षकाला खुर्ची नाही. ८२ सामन्यांची पद्धत १९६७-६८ मध्ये सुरू झाली. त्यानंतर चार हंगामांत लीगभर कमी सामने झाले: १९९८-९९ आणि २०११-१२ मध्ये मालक-खेळाडूंच्या पगारवादामुळे, २०१९-२० आणि २०२०-२१ मध्ये कोविडमुळे. प्रेक्षकांच्या तक्रारीवरून ही संख्या अजून एकदाही कमी झालेली नाही.